बारा जणांचा एक मासा

मासा टेबलावर आला तेव्हा त्याच्यावर ओतलेलं तेल अजून तडतडत होतं. हाँगकाँगमधलं एक जुनं कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या पद्धतीचं, रेस्टॉरंट, शेजारचं मोठं गोल टेबल, भोवती बारा जण. बोलण्यावरून सगळे खाण्यातले दर्दी. मधल्या काचेच्या फिरत्या चकतीवर वेटरनं मासा ठेवला आणि एकदम सगळे फोन वर आले. एकानं चकती थोडी फिरवली. दुसऱ्याला उजेड हवा होता म्हणून त्यानं ती मागे आणली. तिसऱ्याला माशाचं तोंड आपल्या बाजूला हवं होतं. चार-पाच मिनिटं मासा नुसता प्रदक्षिणा घालत राहिला. पहिला घास घ्यायचा मान ज्यांचा, ते वयस्क गृहस्थ हात मांडीवर ठेवून हसऱ्या चेहऱ्यानं थांबले होते. शेवटी चॉपस्टिक्स खाली उतरल्या, घास तोंडात गेला आणि कुणीतरी म्हणालं, ‘मासा जरा जास्तच शिजवलाय यांनी.’

तो जास्त शिजला होता हे खरं. पण टेबलावर.

हे वाक्य मनातून जात नाही, कारण त्यात दोष आचाऱ्याला गेला, आणि त्यानं तर आपलं काम चोख केलं होतं. कँटोनीज पद्धतीच्या वाफवलेल्या माशाचा हिशेब फार बारीक असतो. आपल्याकडच्या हेकरूच्या जातकुळीतला, पाऊण किलोच्या आसपासचा जिवंत मासा घेतला तर खळखळ उकळत्या पाण्यावर तो साधारण ९ ते १० मिनिटं वाफवतात. माशाखाली पातीच्या कांद्याच्या दोन-तीन काड्या किंवा चॉपस्टिक्सच आडव्या टाकतात, म्हणजे खालूनही वाफ फिरते. ते केलं नाही तर वरची बाजू शिजते आणि ताटलीला टेकलेली बाजू मागे राहते. वाफवताना ताटलीत पाणी सुटतं, ते सगळं ओतून टाकायचं. माशाचा उग्र वास त्या पाण्यात उतरलेला असतो. मग आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या बारीक सळ्या, त्यांवर धूर येईपर्यंत तापवलेलं तेल, आणि कडेनं, माशाच्या अंगावर न पडेल असा, थोडी साखर घातलेला सोया सॉस. चांगला आचारी मासा उतरवतो तेव्हा पाठीच्या काट्यालगतचं मांस अजून काट्याला किंचित धरून असतं. उरलेलं शिजणं त्या तापलेल्या ताटलीवर, वेटरच्या चालण्यात पुरं होतं. म्हणजे मासा समोर येतो त्या क्षणी तो नेमका झालेला असतो. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट त्याला कोरडं करत जातं.

चिनी मेजवानीतले बरेच पदार्थ असेच घाईचे असतात. सुरुवातीला येणारं भाजलेलं डुकराचं पिल्लू घ्या. त्याच्या कातडीला सुयांच्या ब्रशनं हजारो बारीक भोकं पाडतात, म्हणजे भाजताना मोठे फोड न येता तिळाएवढे बुडबुडे सर्वभर उठतात आणि कातडी बिस्किटासारखी होते. ही कातडी आधी, एकटी खायची, पातळ पोळीत किंवा नुसती, साखरेच्या दाण्यांत टेकवून. मांस नंतर. गप्पांमध्ये पंधरा मिनिटं गेली की खालच्या मांसाची वाफ वर चढते आणि ती कातडी चामड्यासारखी चिवट लागते. कुरकुरीत कोंबडीचंही तेच. ती आधी मसाल्याच्या पाण्यात शिजवतात, मग माल्टोज (धान्यापासूनचा दाट गोड पाक) आणि व्हिनेगरचा हात अंगभर फिरवून कित्येक तास टांगून, वाऱ्यावर वाळवतात आणि शेवटी पळीपळीनं कडकडीत तेल ओतून रंगवतात. हवा दमट असेल आणि वाळवण अपुरं झालं असेल तर कातडी मांसाला चिकटून राहते, कितीही तेल ओतलं तरी ती फुटत नाही. पण वाळवण नीट झालेलं असलं आणि कोंबडी टेबलावर थंड झाली, तर तेवढ्या तासांची मेहनत एका गप्पेत जाते. मला वाटतं, खाण्यातला दर्दी ओळखायचा तो इथे. त्याला किती नावं ठाऊक आहेत, किती शहरांतली हॉटेलं पाहिली आहेत, यावरून ते कळत नाही. पदार्थ आल्यावर त्याचं बोलणं मध्येच थांबतं का, यावरून कळतं.

बारा जणांनी एकत्र बसण्याचं मूळ कारण अगदी व्यवहारी आहे. पूर्ण पिल्लू, पूर्ण मासा, अख्खी कोंबडी, कोहळ्यातलं सूप या गोष्टी दोघांना मागवता येत नाहीत. दोघं जेवायला गेली तर तीन पदार्थांपुढे पोट जात नाही. बारा जणांना प्रत्येकी दोन-दोन घास मिळून दहा पदार्थ चाखता येतात. माणसं जितकी जास्त तितकं प्रत्येकाचं जेवण रुंद होत जातं. पण बारानंतर हे उलटतं. बारा जणांचं टेबल साधारण ६ फूट व्यासाचं असतं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कडेची जेमतेम दीड फूट जागा येते. तेराव्या खुर्चीला कोपरं एकमेकांना लागतात, आणि समोरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. चौदा जण जमत असतील तर सात-सातची दोन टेबलं करावीत आणि तोच मेन्यू दोन्हीकडे लहान आकारात मागवावा.

मेन्यू हा मात्र दर्दी लोकांचा सगळ्यांत कच्चा भाग. प्रत्येकाची एक आवड, प्रत्येकाचा आग्रह. बारा जणांनी बारा आवडी सांगितल्या की बारा पदार्थ होतात, जेवण होत नाही. तीन तळलेले, दोन काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या सॉसमधले, दोन कोळंबीचे, आणि भाजी कुणालाच आठवलेली नसते. ऑर्डर एकानंच द्यावी, आणि जमलं तर आदल्या दिवशी फोनवर. बाकीच्यांनी त्याला दोनच गोष्टी कळवाव्यात: काय चालत नाही, आणि कुठल्या एका पदार्थासाठी मुद्दाम आलोय. मग त्या एकानं यादी पदार्थांच्या नावांवरून न करता कृतींवरून करावी. एक भाजलेला, एक वाफवलेला, एक तळलेला, एक मंद आचेवर मुरवलेला, एक मोठ्या आचेवर परतलेला. एक मांस दोनदा नको, एक सॉस दोनदा नको. दहा-बारा जणांना आठ ते दहा पदार्थ पुरतात. आठ हा आकडा चिनी लोकांना शुभ. नऊ थोर मानाच्या जुन्या मेजवानीचा. सात पदार्थ मात्र कँटोनीज माणूस आनंदाच्या प्रसंगी टाळतो, कारण अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणात सात पदार्थ असतात. अनोळखी यजमानासाठी मेजवानी मांडत असाल तर हा आकडा तपासून घ्यावा.

आदल्या दिवशी फोन कशासाठी, तर चांगल्या गोष्टींना वेळ लागतो. पिल्लू आगाऊ सांगावं लागतं. झाकणबंद भांड्यात, पाण्याच्या वाफेवर चार-चार तास शिजवलेली सूपं ऐनवेळी होत नाहीत. आणि उन्हाळा असेल तर कोहळा. आपण ज्याचे सांडगे घालतो तोच हा कोहळा, इथे स्वतःच सुपाचं भांडं होतो. वरचा भाग टोपीसारखा कापायचा, बिया काढायच्या, आत कोंबडीचा आणि हॅमचा स्टॉक, कमळाच्या बिया, मशरूम, खेकड्याचं मांस भरायचं आणि तो आख्खा दोन-तीन तास वाफवायचा. कमी वाफवला तर आतला गर कचकचीत राहतो. जास्त झाला तर भिंती बसतात आणि सगळं सूप टेबलभर होतं, म्हणून तो खोल वाडग्यात उभा करूनच आणतात. वेटर पळीनं आतला गर खरवडून प्रत्येक वाटीत थोडा थोडा घालतो. पारदर्शक झालेला, जवळजवळ चव नसलेला तो गर स्टॉकची सगळी गोडी धरून ठेवतो. मला विचाराल तर शार्कच्या पंखांच्या सुपापेक्षा हे सूप शंभर पटींनी खरं. शार्कच्या पंखाला स्वतःची चव नाहीच. सगळी करामत जुन्या कोंबडीच्या आणि हॅमच्या स्टॉकची असते, आणि पंख फक्त मान दाखवायला. २०१३ मध्ये हाँगकाँग सरकारनं आपल्या समारंभांतून ते सूप बंद केलं. जेवणाचं त्यामुळे काहीच बिघडलेलं नाही.

अठराव्या शतकातला चिनी कवी आणि खवय्या युआन मेई यानं १७९२ साली पाककलेवर जे पुस्तक काढलं, त्यात अशा नुसत्या नावासाठी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांवर तो चिडलेला आहे. पदार्थांच्या क्रमाबद्दल तो सांगतो की खारट आधी, सौम्य नंतर. दाट आधी, पातळ नंतर. रस्सा नसलेले आधी, रस्सेदार मागाहून. कँटोनीज लोक सूप लवकर आणतात, उत्तरेकडे आणि सिचुआनमध्ये ते बरेचदा शेवटाकडे येतं, म्हणजे हा नियम सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण त्याचं आणखी एक म्हणणं मराठी माणसानं कान देऊन ऐकावं असं आहे: यजमानानं पाहुण्याच्या पानात जबरदस्तीनं वाढू नये. पदार्थ समोर आहेत, कुणाला मांसाचा कडेचा तुकडा आवडतो, कुणाला मधला, ते त्याचं त्याला निवडू द्यावं.

आपली पंगत नेमकी याच्या उलट बांधलेली आहे. तिथे पान प्रत्येकाचं वेगळं, पान जागचं हलत नाही, आणि पदार्थ वाढप्याच्या हातून आपल्याकडे चालत येतो. किती वाढायचं हे वाढपी आणि आग्रह मिळून ठरवतात. जेवणारा पानावर हात आडवा धरण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. गोल टेबलावर वाढपी नसतो. किती घ्यायचं हे आपलं आपण ठरवायचं असतं, आणि ठरवताना उरलेल्या अकरा जणांचा हिशेब डोक्यात ठेवायचा असतो. पहिल्या फेरीत एक तुकडा, जवळचा, वरचा. प्लेटमध्ये चॉपस्टिक्स घालून तळातला चांगला तुकडा शोधायचा नाही. चकती पूर्ण फिरून आली आणि प्लेटमध्ये अजून आहे असं दिसलं, तर दुसरा. मला हे आग्रहापेक्षा अवघड वाटतं आणि सुंदरही. कुणी मोजत नाही, पण सगळ्यांना सगळं दिसतं. तरीही युआन मेईचा नियम चिनी टेबलांवरसुद्धा पूर्ण चालत नाही, हेही सांगायला हवं. आजी नातवाच्या वाटीत कोंबडीची तंगडी ठेवतेच, आणि माशाच्या गालाचा तो बोटभर मऊ तुकडा यजमान मुख्य पाहुण्याला देतोच. त्या तुकड्याला नको म्हणता येत नाही. म्हणू नयेच.

चकती फिरवायचीही रीत आहे. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, सावकाश, आणि कुणाच्या चॉपस्टिक्स प्लेटमध्ये असताना कधीही नाही. नवा पदार्थ आधी मुख्य पाहुण्यासमोर थांबतो, त्यानं घेतल्यावर पुढे सरकतो. ही काचेची चकती फार प्राचीन असेल असं वाटतं, पण चिनी टेबलावर ती नवीनच आहे. पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी १९१०-११ मधली ईशान्य चीनमधल्या मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणली. सगळ्यांनी एकाच भांड्यात आपापल्या चॉपस्टिक्स घालणं त्यांना धोक्याचं दिसत होतं, म्हणून मध्ये फिरतं तबक आणि प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा, असा उपाय त्यांनी सुचवला. तबक पुढे जगभर गेलं, वेगळा चमचा मात्र मागे पडला. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर हाँगकाँगमध्ये वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स रुळल्या. बऱ्याच ठिकाणी आता प्रत्येकापुढे दोन जोड असतात, वेगवेगळ्या रंगांचे, एक घ्यायला आणि एक खायला. गप्पांत ते हमखास अदलाबदल होतात. खाण्याचा जोड उजव्या हाताशी, आतल्या बाजूला ठेवायची सवय लावली तर गोंधळ कमी होतो.

हल्ली बरीच चांगली रेस्टॉरंट मासा नुसता दाखवून बाजूच्या टेबलावर नेतात आणि बारा वाट्यांत वाटून आणतात. स्वच्छ आहे, भांडण नाही, पण वाटता वाटता तीन-चार मिनिटं जातात आणि वाटीत थंड मासा येतो. सुपाला ही पद्धत ठीक. माशाला नको, असं वेटरला आधीच सांगता येतं. मग काटा कुणीतरी टेबलावरच उचलायचा: वरचं मांस संपलं की चमच्यानं शेपटीकडून काटा सोडवून, अख्खा बाजूला घ्यायचा आणि खालच्या बाजूला हात घालायचा. मासा उलटायचा नाही. दक्षिण चीनच्या कोळ्यांना त्यात होडी उलटताना दिसते.

वेटरला आणखी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. एक, पदार्थ एकामागून एक, आठ-दहा मिनिटांच्या अंतरानं पाठवा. न सांगितल्यास गर्दीच्या संध्याकाळी चार प्लेट्स एकदम येतात आणि तीन गार होतात. दोन, माणसं किती हे स्वयंपाकघराला कळू द्या, म्हणजे स्कॅलप (एक शिंपला) किंवा तळलेले खेकड्याचे नांगे बारा जणांना अकरा येत नाहीत. परतलेली पालेभाजी मोठ्या आकारात मागवायची असेल तर ती दोन घाण्यांत करायला सांगावी. बारा जणांची भाजी एकाच कढईत पडली की आच कमी पडते, भाजीला पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ती उकडली जाते. जिवंत मासा वजनावर असतो आणि मेन्यूत त्याच्यापुढे ‘बाजारभाव’ एवढंच लिहिलेलं असतं. हाँगकाँगमध्ये वजन कॅटीत, एक कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम, आणि तिचे सोळा भाग म्हणजे टेल. चीनमध्ये तीच कॅटी ५०० ग्रॅमची. मासा जाळीत आणून दाखवतात तेव्हाच वजन आणि दर दोन्ही विचारावेत. त्यात कुणाला काही वाटत नाही.

शाकाहारी मंडळींची सोय बुद्धभक्तांच्या पाककलेत उत्तम आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते. साध्या ‘भाजी’वर विसंबू नये. हिरव्या पालेभाजीवर कालवांचा सॉस असतो, टोफूत सोडे असतात, स्टॉक कोंबडीचा असतो आणि परतायला डुकराची चरबी वापरलेली असू शकते. विहारांच्या पद्धतीच्या स्वयंपाकात यातलं काही नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन पाहुण्यालाही ते चालण्यासारखं असतं. कंदांचं आणि मशरूमचं तेवढं विचारून घ्यावं. मशरूम, लाकडी कानासारखी काळी बुरशी, टोफूचे पापुद्रे, गिंको झाडाच्या बिया आणि काचेसारख्या शेवया घालून केलेली बुद्धभक्तांची भाजी ही टेबलावरची कमी दर्जाची गोष्ट अजिबात नाही. ती सगळ्यांसाठी मागवावी.

भाताबद्दल मराठी टेबलावर कायम चुळबुळ असते. मुंबईत चायनीज म्हटलं की वन बाय टू सूप, स्टार्टर, आणि मग ग्रेव्हीबरोबर राइस-नूडल्स हा क्रम हाडात मुरलेला. कँटनच्या बाजूनं आलेल्या लोकांनी मुंबईत बस्तान बसवलं, माझगावातलं त्यांचं देऊळ १९१९ पासून उभं आहे. पण त्यांच्या मेजवानीचा क्रम आपल्यापर्यंत आला नाही. तिकडे रोजच्या जेवणात भात लागतोच, पण मेजवानीत तळलेला भात आणि नूडल्स शेवटी, पोट भरल्यावर येतात. पाहुणा भातानं पोट भरून गेला असं व्हायला नको, हा यजमानाचा विचार. मधल्या सॉसवर भात कालवून खायचा मोह अगदी समजण्यासारखा आहे, तरी चौथ्या पदार्थाला भात मागितला की सातवा पदार्थ आपण चाखत नाही, नुसता पाहतो.

भातानंतर संत्र्याची वाळवलेली साल घालून शिजवलेलं लाल कडधान्याचं गोड सूप येतं, मग संत्र्याच्या फोडी, आणि बिलावरून ओढाताण. चहाचे आणि सुरुवातीच्या शेंगदाण्यांचे पैसे माणशी वेगळे लागतात, वर १० टक्के सेवाशुल्क, म्हणून मेन्यूवरच्या बेरजेत बिल बसत नाही. उरलेलं बांधून न्यायला कुणी लाजत नाही. पण सगळं बांधू नये. मासा दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ नाही, पिल्लाची कातडी परत कुरकुरीत होत नाही, नूडल्स रात्रीत स्टॉक पिऊन फुगतात. कोंबडीचं मांस चांगलं राहतं. आणि हाडं सोडू नयेत. कोंबडीची, बदक मागवलं असेल तर त्याचीही, वेगळ्या डब्यात मागून घ्यावीत. सकाळी त्यांची पेज करावी: एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी, आल्याच्या चार चकत्या, ती सगळी हाडं, आणि मंद आचेवर दीड तास; मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण हाडांत ते आधीच असतं.